कॅमेरा परत पाठवण्याविषयी

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हे दोन शब्द लिहून पेन खाली ठेवले, उठले, तुमचे घर साधारण कोणत्या दिशेला येते याचा विचार केला आणि वाकून नमस्कार करून परत येऊन बसले. साष्टांग मात्र झाला नाही. टेबल आणि कपाट यांच्यामध्ये तेवढी जागा नाही. तेव्हा कमरेपर्यंतचा समजून घ्यावा.) तुमची प्रकृती कशी आहे? मामींचा खांदा आता वर जातो का? नव्या कॅमेऱ्याशी तुमचे अजून जुळलेले नाही हे कळून वाईट वाटले. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. (‘ठीक’ लिहून त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले. खोडला नाही. का बघत बसले ते पुढे येईल.)

तुमचा निरोप येऊन बरेच दिवस झाले. जुना कॅमेरा परत पाठव, नव्याला डोळा लावायला जागाच ठेवलेली नाही, मागे नुसता पडदा आहे, आणि तळ्यावर उन्हात उभे राहिले की त्या पडद्यात पक्ष्याऐवजी स्वतःचेच नाक दिसते, असे तुम्ही कळवलेत. मामींनी फोनवर पुढची भर घातली की तुम्ही तो कॅमेरा दोन्ही हात लांब करून असा धरता, जणू कुणी ओले बाळ हातात दिले आहे. हसायला नको होते, पण हसले. माफ करा. कॅमेरा तुमचा आहे. देताना तुम्ही ‘ठेव तुझ्याकडे’ म्हणाला होतात, ‘कायमचा ठेव’ म्हणाला नव्हतात, हे मी माझ्या रोजनिशीत पडताळून पाहिले. तेव्हा तो परत पाठवणे मला भाग आहे. खोक्यात घालून, चारी बाजूंनी छापखान्यातली कागदाची कातरणे कोंबून, तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आहे आणि शनिवारी या पत्राबरोबरच निघेल. मध्ये इतका वेळ का गेला तेवढे सांगते आणि आभार मानते. आभार आधीच मानून टाकता आले असते, पण कशाबद्दल ते न सांगता मानले तर ते नुसते रीतीचे होतात.

तुम्हाला माहीतच आहे की मी छापखान्यात प्रुफे तपासते. छापखाना नव्या जागेत जायचा होता, म्हणून जुन्या अंगणात सगळ्यांचा एकत्र फोटो काढावा असे मालकांच्या मनात आले आणि ‘बाई काळजीपूर्वक काम करतात’ या एकाच गुणावर ते काम माझ्या गळ्यात पडले. (काळजी घेणारा माणूस फोटो चांगले काढतो, हे कुणी ठरवले कोण जाणे. मी मात्र नाही म्हणू शकले नाही. त्यात थोडा अहंकार होता का? होता.) त्यासाठीच मी तुमच्याकडे कॅमेरा मागितला होता. फोटोच्या दिवशी लख्ख ऊन. मालक खुर्चीत, मशीनवाले मागे, बाइंडर कडेला, हिशेबनीस पोट आत घेऊन. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात बघते तर आत आभाळ, एक तार आणि माझा चष्मा. माणूस एकही नाही. मग तो पडदा वर उचलून आडवा करता येतो हे आठवले. कॅमेरा पोटाशी धरला, त्यावर वाकून सावली केली, आणि पडदा काळाठिक्कर पडला. दूर धरला, तर आला. परत सावलीत घेतला, गेला. लोक उन्हात डोळे बारीक करून उभे, आणि मी वाकतेय, सरळ होतेय, वाकतेय. शेवटी बाइंडर म्हणाला, “बाई, आमची तोंडं बघून त्यानं डोळे मिटले असतील तर आम्ही जातो, पुठ्ठे वाळतायत.” मालक म्हणाले, “उद्या बघू.” हिशेबनिसांनी पोट सोडले. त्याचा आवाज मला आला असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका स्पष्ट दिसली.

तुमची वस्तू माझ्या हातून बिघडली, या विचाराने मला जेवण गेले नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याच्या टेबलावर कॅमेरा गुणी मुलासारखा वागला. त्याने वर केला, खाली केला, हलवला. पडदा लखलखीत. मी म्हटले, माझ्याकडे असला की बंद पडतो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी आजवर फक्त खोटी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांकडे वळलेली पाहिली आहे. “घरी काही टेन्शन आहे का?” असे त्याने विचारले. मी प्रामाणिकपणे ‘आहे’ म्हटले. त्याने कॅमेरा पुसून परत दिला आणि काही घेतले नाही, ते मला फार लागले.

उलगडा घरी आरशासमोर झाला. कॅमेरा गळ्यात अडकवून, पडदा वर करून, मी अंगणातल्यासारखी उभी राहिले. पडदा काळा. निराश होऊन मी छाती भरून एक मोठा श्वास आत घेतला, आणि पडदा उजळला. श्वास सोडला, गेला. घेतला, आला. मामा, तुम्ही मला सांगितले होतेत (आणि मी ऐकले नव्हते) की डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की कॅमेऱ्याला ते कळते, आणि तो मागचा पडदा मालवून चित्र आतल्या खिडकीत आणतो. फक्त समोर आलेला डोळा आहे की प्रुफवाचकाचे बैठ्या कामाने वाढलेले पोट, एवढे त्याला ओळखता येत नाही. इतके दिवस माझे पोट व्ह्यूफाइंडरला लागून तुमच्या कॅमेऱ्यातून जग बघत होते, आणि मी दुरुस्तीवाल्याचा वेळ खात होते. त्याच्याकडे परत जाऊन हे सांगावे का, यावर मी विचार केला. सांगायलाच हवे होते. गेले नाही. अजून जाईन.

तर मग पोटाऐवजी डोळाच लावावा म्हणून मी पहिल्यांदा त्या खिडकीला डोळा लावला. आत सगळे धुरकट. समोरचे कपाट कपाटासारखे दिसेना, त्याच्या कडा विरघळलेल्या. हा डोळा, तो डोळा, चष्म्यासह, चष्म्याविना. धुरकटच. माझे हातपाय गार पडले.

इथे मला थांबावे लागते, कारण का गार पडले ते सांगायचे तर मला एका शब्दाच्या आड यावे लागते. मी आईला शब्द दिला आहे की तिच्या डोळ्यांविषयी मामांना अक्षर लिहिणार नाही. तिचा गुडघा दुखतो हे कळल्यावर तुम्ही पट्टे, तेले आणि उंच पायांची खुर्ची पाठवलीत आणि रोज सकाळी ‘आज किती वाकला?’ असा फोन सुरू केलात, त्याची तिने धास्ती घेतली आहे. शब्द मी मोडत नाही. पण तो डोळ्यांविषयी होता, कॅमेऱ्याविषयी नव्हता, आणि कॅमेऱ्याची हकिकत खरी लिहायची तर तो कुणाच्या डोळ्याला लागला हे गाळता येत नाही. (हा वकिली युक्तिवाद झाला का? मी त्यावर पुष्कळ विचार केला. झाला. तरी लिहिते.)

मामा, आईच्या नजरेच्या मधोमध डाग पडला आहे. आंधळी नाही. कडेचे सगळे दिसते, दार, खिडकी, जाणारा येणारा. पण ज्याच्याकडे थेट बघावे ते नेमके पुसले जाते. म्हणजे चेहरे जातात. वर्ष झाले. ती इतकी हुशारीने निभावते की तुम्हालाही मागच्या खेपेला कळले नाही. आवाजावरून ओळखते आणि आल्याआल्या प्रत्येकाला “वाळलास रे” म्हणते. प्रत्येकाला ते खरे वाटते आणि आवडते. फजिती एकदाच झाली. खाली अंगणातल्या बाकावर एका अनोळखी गृहस्थांना ती वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका समजली आणि त्यांच्या सासूविषयी खूप वेळ मोकळेपणाने बोलली. ते गृहस्थ सभ्य होते, हूं हूं करत राहिले. त्या दिवसापासून तिने खाली जाणे सोडले, मग गॅलरीत बसणे सोडले, मग कुणी आले तर झोपल्याचे सोंग घेऊ लागली. आमच्या घरात बोलका माणूस ती, मी नव्हे. घर कसे झाले असेल याची कल्पना तुम्हीच करा.

तर तो डाग आता माझ्याही डोळ्यांत उतरला, असे मी धरून चालले. आईच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी थेंब घातले, दिवे दाखवले, अक्षरे वाचून घेतली (फळ्यावर एक अक्षर झिजले होते तेही मी त्यांना सांगितले) आणि डोळे उत्तम आहेत म्हणाल्या. मला खरे वाटेना. “मग त्यात धूर का दिसतो?” म्हणत मी पिशवीतून कॅमेरा काढला. त्यांनी तो डोळ्याला लावला, खिडकीच्या कडेला असलेले गव्हाएवढे चाक नखाने फिरवले आणि परत दिला. समोरची भिंत, तिच्यावरचा खिळा, खिळ्याची सावली, सगळे स्वच्छ. “हे ज्याचं त्यानं आपल्या नंबरावर लावायचं असतं,” त्या म्हणाल्या. “कुणाचा आहे कॅमेरा?” मामांचा, म्हटले. “मग तुम्ही मामांचा चष्मा घालून घाबरलात.” येताना रस्त्यात मी एकटीच हसत होते. एवढे हलके मला कित्येक दिवसांत वाटले नव्हते, त्याबद्दल पहिले आभार.

(अंगणातला फोटो दुसऱ्या दिवशी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढला, बरा आला. हिशेबनीस डोळे मिटून आहेत, पण पोट आत आहे. दोन्हींपैकी एकच साधणे शक्य होते असे ते म्हणाले.)

आता खरे सांगायचे ते. कॅमेरा टेबलावर होता. आई खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. “हे धाकट्याचं ना? बघू,” म्हणून तिने तो घेतला. हात फिरवून त्याची खिडकी कुठे ते शोधले आणि चेष्टेने डोळ्याला लावून माझ्याकडे वळवला. तुम्ही तो काळ्यापांढऱ्यावर ठेवला होतात, त्यात कडा ठळक उठतात, आणि तिचा अंगठा नेमका त्या बटणावर पडला ज्याने चित्र मोठे होते. डागाच्या कडेने बघायला डॉक्टरांनी शिकवले आहे, तसा कॅमेरा तिने जरासा तिरका केला, मग ते चाक फिरवले, आणि म्हणाली, “तुझ्या कानापाशी पांढरे झालेत केस.”

मी म्हटले, “हो, थोडे.”

“थोडे नाहीत. आणि मला सांगितलं नाहीस.”

“असं सांगतात का कुणी?”

“मग मला कळणार कसं?” ती म्हणाली. “हलू नकोस.” मी फोटोला बसल्यासारखी बसून राहिले. तिने बटण काही दाबले नाही. नुसती बघत होती. “अशी दिसतेस होय आता,” म्हणाली. मामा, वर्षभर मी तिच्यासमोर वावरत होते आणि तिच्यासाठी फक्त आवाज होते, हे मला त्या क्षणापर्यंत नीट कळले नव्हते. लिहिताना चष्मा पुसावा लागला.

यानंतर माझे हाल सुरू झाले. तिने व्ह्यूफाइंडर घेऊन घराची तपासणी काढली. छताच्या कोपऱ्यात जाळे. दुधाच्या भांड्याला करपल्याची कड. गॅलरीतले रोप मेलेले. “तू रोज मला छान आहे म्हणत होतीस,” ती म्हणाली. मी ‘छान’ असे कधीच म्हटले नव्हते. ‘आहे’ एवढेच म्हटले होते, आणि ते कुंडीत होते. हा फरक तिने मान्य केला नाही. दिवसभर चुका काढून पोट भरणाऱ्या मला घरी आल्यावर चुका काढणारा भेटला. स्वैपाकघरातून “इकडे ये, हे बघ” अशी हाक आली की मी छापखान्यातल्या अक्षरे जुळवणाऱ्या नव्या जुळाऱ्यासारखी थरथरते. आणि खरे सांगते, एकेक हाक मला आवडते.

मग ती गॅलरीत गेली. इथून नवाच घोटाळा झाला. लोकांना वाटले आजी फोटो काढतात. दूधवाला सायकल थांबवून भांग सारखा करू लागला. इस्त्रीवाला हातातली इस्त्री न उचलता छाती काढून उभा राहिला आणि कुणाच्या तरी शर्टाला जिथे खिसा नव्हता तिथे खिशाएवढा डाग पडला. वरच्या शिक्षिका खाली उतरता उतरता थबकल्या, “कसा आलाय हो माझा?” आई म्हणाली, “छान. पण जरा झोप घेत जा, डोळ्यांखाली केवढं झालंय.” त्या बिचाऱ्या वर येऊन बसल्या आणि घरातले सगळे सांगून गेल्या. आता आई रोज खाली बाकावर जाते, कॅमेरा गळ्यात. लोक तिच्याकडे फोटोंच्या प्रती मागतात. फोटो एकही नाही. ही फसवणूक आहे, असे मी तिला म्हटले. ती म्हणाली, “मी कुठे म्हटलं काढते म्हणून? मी बघते.” रोपाच्या बाबतीत मीही तसेच बोलले होते.

डॉक्टरीणबाईंना विचारले. याने डाग जाणार नाही, वाढणारही नाही, बघू द्या, म्हणाल्या. अशा डोळ्यांसाठी मुद्दाम केलेले यंत्रही त्यांनी दाखवले, डोळ्यांवर बांधायचे. आईने ते हातात घेतले आणि परत ठेवले. “हे घातलं की लोक बाजूला होतील. कॅमेरा धरला की लोक उभे राहतात.”

आणि मग तुमचा निरोप आला. तो मी तिला सांगितला. लपवायचा विचार मनात आला होता, पण मामांची वस्तू अडकवून ठेवणे आणि आईपासून लपवणे हे दोन्ही एकदम मला झेपले नसते. ती म्हणाली, “त्याचा आहे, देऊन टाक.” स्वेटरच्या टोकाने तिनेच कॅमेऱ्याच्या खिडकीची काच पुसली, तिनेच खोक्यात ठेवला. तेव्हापासून ती गॅलरीत गेलेली नाही. खुर्ची खिडकीकडे पाठ करून आहे. काल शिक्षिका आल्या, तर झोपली होती. म्हणजे झोपली नव्हती.

असो. कॅमेरा येतो आहे. व्ह्यूफाइंडरचे चाक मी अंदाजाने तुमच्या जागी फिरवून ठेवले आहे. मधल्या काळात त्यावर आधी माझी आणि मग तिची नजर होती, त्यामुळे तुमची नेमकी कुठे होती हे आता आठवत नाही. धूर दिसला तर घाबरू नका. दुसरे आभार त्या बटणाचे, तिसरे काळ्यापांढऱ्याचे, आणि मोठे आभार याचे की तुमच्यामुळे माझ्या आईने मला पाहिले. हे देणे तुम्हाला ठाऊक नव्हते म्हणून ते लहान होत नाही. मामींना नमस्कार (तोही कमरेपर्यंतच).

तुमची भाची,
जिला तुम्ही शंकासुर म्हणता ती

ता. क. मागणे नाही, नुसती चौकशी. तळ्यावर उन्हात डोक्यावरून एखादे गडद कापड घेतले तर नव्या कॅमेऱ्याचा पडदा दिसेल का? मी घरी चादर घेऊन माझ्या फोनच्या पडद्यावर करून पाहिले, चांगले दिसते. गुदमरायला होते, पण पक्ष्यांना तुम्ही झुडूप वाटाल, हाही एक फायदा. जमत असेल तर कळवा. जमत नसेल तर हा मजकूर वाचला नाही असे समजा. कृपया जमते का ते खरेच बघा.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचून दाखव म्हटले. ते नेहमीचेच आहे. काही परिच्छेद गाळून वाचता आले असते, तिला दिसले नसते. पण छापलेले असो की हाताने लिहिलेले, ओळ गाळून वाचणे मला येत नाही. सगळे वाचले. ‘आई’ आले तिथे आवाज खाली घेतला, तेवढाच. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “कंसात फार बोलतेस.” मग उठली आणि टेबलाकडे गेली. कातरणे आता खोलीभर आहेत.

ता. क. ३. यापुढचे आई सांगते आहे. मी नुसती लिहिते, शब्द एकही माझा नाही.

धाकट्या, पोरीने लिहिलंच आहे तर ऐक. डोळ्यांचं तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच फोनला बसतोस. कॅमेरा मी काढून घेतलाय. खोकंही पाठवत नाही, रिकामं उघडलंस तर चिडशील. तळ्यावरचे पक्षी तू जन्मभर बघितलेस, त्यांची तोंडं काही बदलत नाहीत. माणसांची बदलतात. त्या कापडाचं करून बघ, तुला शोभेल. बॅटरी दुपारीच संपते. दुसरी तुझ्याकडे कुठल्यातरी खणात असेल, ती शोध. पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. मागच्या वेळी तू समोर बसला होतास आणि मी तुझ्या आवाजाशी बोलत होते. सकाळी ये, गॅलरीत उजेड चांगला असतो. आणि दाढी करून ये. आता मला दिसतं.